मिरचीचं बी, धोतऱ्याचं बी

बाईमाणसाने विषांचा अभ्यास कशाला करायचा, हा प्रश्न मला जन्मभर विचारला गेला. सुरुवातीला मी उत्तरं देत असे. विज्ञान, ज्ञान, जिज्ञासा वगैरे मोठमोठे शब्द वापरून पाहिले. त्यांनी कुणाचं समाधान झालं नाही, माझंही नाही. मग मी उलट विचारायला लागले, की स्वयंपाकघर कुणाच्या ताब्यात असतं? आणि जेवणानंतर घरात कुणाचं काही बिघडलं, तर पहिलं बोट कुणाकडे जातं? एवढं विचारलं की समोरचा माणूस पान जुळवायला घ्यायचा, आणि विषय संपायचा.

एकोणीसशे तीसचं दशक नुकतं सुरू झालं होतं. वडील मुंबईत एका पेढीवर कारकून होते. थोरला भाऊ आणि मी त्यांच्यापाशी चाळीतल्या एका खोलीत राहत होतो. आई, काका आणि काकू गावी. गाव आमचं रत्नागिरीजवळच्या पालीच्या पलीकडे, कोल्हापूरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत. मी रसायन घेऊन कॉलेजात शिकत होते, आणि शेवटच्या वर्षाला विषपरीक्षेचा एक जादा वर्ग असे. तो घेणारे प्राध्यापक पूर्वी सरकारी प्रयोगशाळेत होते, विषप्रयोगाच्या खटल्यांतले नमुने तपासायला. त्यांच्या वर्गात तोवर एकही मुलगी बसली नव्हती.

मी नाव नोंदवायला गेले तेव्हा त्यांनी मला खुर्चीही दिली नाही. म्हणाले, "अहो, इथे बरण्यांतून काय येतं ते ठाऊक आहे का? माणसाच्या पोटातलं. मुलींचं हे काम नव्हे."

मी म्हटलं, "घरात कुणी ओकलं, तर ते पुसायला कोण धावतं, सर?"

त्यांनी वही उघडून माझं नाव लिहून घेतलं. मग म्हणाले, "उद्यापासून या. चक्कर येऊन पडलात तर उचलायला कुणी येणार नाही." पहिल्याच आठवड्यात चक्कर आली ती माझ्या शेजारच्या मुलाला, आणि त्याच्या तोंडावर पाणी मीच मारलं.

त्या वर्गाने मला जे शिकवलं ते पुस्तकात असूनही पुस्तकातून कळलं नसतं. सोमल, म्हणजे आर्सेनिक, शोधायचा झाला, तर जस्त आणि आम्ल यांच्यात नमुना सोडायचा, निघणारा वायू ज्या नळीतून जातो ती तापवायची, आणि काचेवर काळा चकचकीत डाग धरतो का ते पाहायचं. पण त्याआधी सगळं सामान एकदा नमुन्याशिवाय, रिकामं चालवायचं. तेव्हाच डाग आला, तर सोमल आपल्याच बाटलीत आहे. सर म्हणायचे, "आधी आपल्या सामानावर संशय घ्या. परक्यावर घ्यायला अख्खा गाव बसलेला असतो." आमच्यातल्या घाईच्या मुलांना हे रिकामं चालवणं कंटाळवाणं वाटे. मला मात्र ते फार आवडायचं, कारण घरी याच्या बरोबर उलट चालतं हे मी लहानपणापासून पाहिलं होतं.

धोतऱ्याचा धडा तर मजेचाच. वाटसरूंना धोतरा चारून लुटायची जुनी तऱ्हा, आणि ते बी जेवणात खपतं, कारण ते दिसतं मिरचीच्या बियांसारखं. सरांनी दोन्ही बिया शेजारी ठेवल्या. मिरचीचं बी चपटं, पातळ, गुळगुळीत. धोतऱ्याचं जाडसर, मातकट, कानाच्या पाळीच्या आकाराचं, अंगावर खाचा आणि कडेला दुहेरी काठ. उभं चिरलं की मिरचीच्या बियातला अंकुर इंग्रजी सहाच्या आकड्यासारखा आत वळलेला दिसतो. धोतऱ्याच्या अंकुराचं टोक बाहेर वळतं. शेवटची परीक्षा डोळ्याची. अर्काचा थेंब मांजराच्या डोळ्यात टाकला, की त्या डोळ्याची बाहुली मोठी होते आणि उजेडातही आकसत नाही. माणसाला चढलं तर तोंड कोरडं पडतं, चेहरा लाल होतो, तोल जातो, आणि तो माणूस हवेतले नसलेले धागे बोटांनी ओढत बसतो. हे शेवटचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं, तेव्हा मला ते थोडं अतिशयोक्त वाटलं होतं.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी बोटीने रत्नागिरीला उतरले, तिथून सर्व्हिस मोटारने पाली, आणि पुढे चालत घरी. घरी आगोटीची गडबड होती. पावसाळ्याच्या बेगमीला आमच्याकडे आगोट म्हणतात. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, चटयांवर मिरच्या, आमसुलं, पापड, सुकी मासळी, सगळं वाळत पडलेलं. आणि त्या सगळ्यात राबत होती माझी वहिनी.

दादाचं लग्न आदल्या वर्षी झालं होतं. वहिनी कोल्हापूरकडची, आंबा घाट उतरून आलेली. दादा परत मुंबईला गेला आणि ती इथे राहिली. काका तिला तोंडावर सूनबाई म्हणत आणि पाठीमागे 'घाटी'. तिचं बोलणं मोठं, हसणं मोठं, तिखट खाणं त्याहून मोठं. आमच्या नारळाच्या रसातल्या आमट्या तिला गुळमट लागत. काकू म्हणायची, "हिच्या जिभेला हाड नायच, पण चामडा तरी हाय का?" वहिनी हसून म्हणायची, "चामडं हाय की, कोल्हापुरी!" मला ती पहिल्या दिवसापासून आवडली. घरात माझ्याशिवाय मान वर करून बोलणारी तीच एक होती.

सुट्टीचे पंधरा-वीस दिवस झाले असतील. शेजारणीबरोबर मी पालीच्या बाजाराला गेले होते. ऊन उतरता परत आले, तर खळ्यात माणसं जमलेली. आत काकू भिंतीला टेकून बसली होती. चेहरा लालबुंद. ती आपल्या कधीच्या वारलेल्या भावाशी बोलत होती, आणि बोलता बोलता उजव्या हाताच्या बोटांनी डाव्या हातातून धागा ओढत होती. नसलेला धागा. आई उठून दाराकडे जायला बघे आणि खांबाला आपटे. पाणी दिलं तर घोट गिळवत नव्हता. मी आईचा चेहरा उजेडाकडे वळवला. डोळ्यांत नुसती काळी बाहुली दिसत होती.

मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण त्याच वेळी डोकं असं स्वच्छ झालं, की मला स्वतःचीच लाज वाटावी. मिठाचं कोमट पाणी करून दोघींना पाजलं, घशात बोटं घालून ओकायला लावलं, डोक्यावर ओली फडकी ठेवली, खोलीत अंधार केला. वहिनी सारखी माझ्या हाताशी होती. ओकारी तिनेच पुसली.

दारात काका उभे होते. ते म्हणाले, "ह्या आजारपण नाय. ही करणी हाय. दोघी जेवल्या नि दोघींस धरलान. वाढणारी तेवढी धड."

वहिनी धड होती, कारण ती जेवलीच नव्हती. आई आणि काकू बसल्या तेव्हा ती वाढत होती. ती ताट घेऊन बसणार तोच काकू बरळायला लागली. सासवांना आधी वाढलं, त्याचं हे बक्षीस. काका स्वतः जेवले होते, पण त्यांना दमा. खोकला उठतो म्हणून ते तिखटाला शिवत नसत, आणि वहिनीची चटणी त्यांनी घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोघी शुद्धीवर आल्या. तोवर काकांनी गावकरांना, गावच्या मानकऱ्यांना, बोलावून ठरवून टाकलं होतं, की परवा सकाळी देवळात कौल लावायचा. गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गाऱ्हाणं असं, की ही सून घरात ठेवावी का? देव नाही म्हणाला तर वहिनीला घाट चढवून माहेरी पोचवायचं, आणि परत आणायचं नाही. दादाला विचारायची गरज कुणाला वाटली नाही. त्याला विचारलं असतं, तरी तो काकांपुढे तोंड उघडणारा नव्हता. भाऊ माझा सोन्यासारखा, पण सोनं मऊच असतं.

मी काकांना म्हटलं, "करणी नाही. धोतरा आहे."

ते म्हणाले, "म्हणजे विष घातलान. ता तर त्याहून वाईट. नि बाय, विषाची विद्या ह्या घरात कोण शिकताय, ता आम्ही अजून बोललंव नाय."

ते ऐकून माझ्या अंगाची लाही झाली. पण सरांचं रिकामं चालवणं आठवलं. आधी आपल्या सामानावर संशय. मी मागच्या पडवीत वहिनीपाशी गेले. तिने ट्रंक भरून ठेवली होती आणि तिच्यावरच बसली होती. रडत नव्हती.

"त्या दिवशी चटणीत काय काय घातलंस, सांग मला."

"खोबरं, लसूण, मीठ, नि मिरचीचं बी. दुसरं काय बी न्हाई, वन्सं."

"बी कुठलं?"

"चटईवर पडलेलं. मिरच्या उचलल्या की खाली ऱ्हातंय न्हवं? आमच्याकडं टाकत न्हाईत ते. भाजून कुटायचं. निम्मं तसंच हाय, बघा." तिने कोनाड्यातून करवंटी काढून दिली.

आमच्या घरात ते बी कधीच कुणी खाल्लं नव्हतं. मिरच्या उचलायच्या, चटई झटकायची, बी अंगणात. म्हणून चटईवर खाली काय पडतंय याची फिकीर आमच्याकडे कुणी केलीच नव्हती. आणि घाटावरच्या घरात ते बी खाल्लं जातं, म्हणून मिरचीच्या चटईशेजारी भलतंसलतं कुणी वाळत घालत नाही. दोन्ही घरांच्या रीती आपापल्या जागी ठीकच होत्या. मी करवंटी पांढऱ्या कागदावर उपडी केली, भिंग घेतलं, आणि वेगळं करायला बसले. पिवळट, चपट्या बियांत मातकट, कानाच्या पाळीसारख्या बिया चांगल्या चिमूटभर निघाल्या.

त्या आल्या कुठून, हे शोधायला मला खळ्याच्या टोकापलीकडे जावं लागलं नाही. जांभ्याच्या गडग्यावर, दगडी कुंपणावर, धोतऱ्याची काटेरी, तडकलेली फळं पडली होती, रिकामी. दम्यासाठी काका धोतऱ्याची पानं वाळवून चिलमीत ओढत. पानांबरोबर फळंही आणून मिरच्यांशेजारच्या चटईवर टाकलेली. त्या जेवणाच्या दोन दिवस आधी आभाळ आलं तेव्हा बायका वहाळावर धुण्याला गेल्या होत्या, आणि घरात असलेल्या काकांनीच घाईने सगळ्या चटया एकात एक गुंडाळून आत घेतल्या होत्या. हे मला खुद्द काकूनेच अंथरुणातून सांगितलं, आणि सांगताना तिला त्यात काही वावगं दिसलं नाही.

मी काकांना बिया दाखवल्या. भिंग त्यांच्या हातात दिलं. वेचलेल्या धोतऱ्याच्या बिया धुऊन, ठेचून, पाण्यात भिजवून, टिपकागदातून गाळून अर्क काढला, आणि त्यांच्यासमोर घरच्या मांजराच्या एका डोळ्यात थेंब टाकला. मांजराने मला ओरबाडलं ते ओरबाडलंच. थोड्या वेळाने तो डोळा काळाभोर झाला.

काका म्हणाले, "मांजराचे डोळे कधी बारीक, कधी मोठे. ता शेंबडा पोर पण सांगील. मांजराच्या साक्षीवर गावचा न्याय होत नाय."

त्यांनी सगळं ओळखलं होतं. भिंग डोळ्यावरून काढल्यावर त्यांनी आधी गडग्याकडे पाहिलं, ते माझ्या नजरेतून सुटलं नाही. त्यांना खरं कळलं नव्हतं असं नाही. ते खरं त्यांच्याकडे बोट दाखवत होतं, एवढीच अडचण होती.

कौलाच्या दिवशी सकाळी मी उरलेला अर्क घेऊन खळ्यात उजेडाला बसले आणि वहिनीला म्हटलं, "माझी पापणी खाली ओढून धर."

ती म्हणाली, "वन्सं, डोळा गेला तर?"

"दुसरा आहे."

हे मी फुशारकीने म्हटलं. प्रत्यक्षात मी ऐन वेळी मान मागे घेतली, आणि पहिला थेंब गालावर गेला. एवढ्याशा अर्काने डोळा जात नाही हे मला माहीत होतं. तरी वर्गात माहीत असणं वेगळं, आणि आपल्या डोळ्यावर काचकांडी आलेली दिसणं वेगळं. दुसरा थेंब डाव्या डोळ्यात पडला. देवळापर्यंत चालत जाईतो डाव्या बाजूचं ऊन मला सोसवेना.

सभामंडपात गावकर बसले होते. गुरव न्हाऊन, ओल्या पंचाने, कळ्या घेऊन उभा. काकांनी गाऱ्हाण्याला सुरुवात करायला सांगितली. मी मध्येच बोलले. बायकांनी देवळात गावकरांपुढे बोलायची रीत नव्हती, पण रीतींचा मला त्या आठवड्यात फार वीट आला होता.

मी सगळ्यांत वयस्क गावकरांना म्हटलं, "आजोबा, जरा बाहेर उन्हात या, आणि माझ्या डोळ्यांत बघा."

ते कुतूहलाने आले. उन्हात माझी उजवी बाहुली मोहरीएवढी झाली असणार. डावी तशीच वाटोळी, मोठी राहिली. त्यांनी हात आडवा धरून पाहिलं, काढून पाहिलं. मग एकेक करून बाकीचेही आले. मी बिया दाखवल्या, त्या कशात सापडल्या ते सांगितलं, अर्क कसा काढला ते सांगितलं. म्हटलं, "आई नि काकूचे दोन्ही डोळे असेच झाले होते, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंत. आता माझा एक झालाय. हे भुताचं काम असेल, तर त्याने मला अर्धंच धरलंय. उरलेलं अर्धं का सोडलं, ते त्यालाच विचारा."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. गुरवाने हातातल्या कळ्या तबकात ठेवल्या. तो म्हणाला, "देवाला न दिसणारा विचारायचा. ह्या तर उन्हात दिसताय. मी कौल लावायचा नाय." एवढं बोलून तो पूजेची भांडी विसळायला गेला.

वयस्क गावकरांनी विचारलं, "खळ्यात धोतरा कुणी घातलान?"

गावात चिलमीत धोतरा ओढणारा माणूस एकच होता, आणि तो त्या क्षणी खोकत होता. सगळ्यांनी तो खोकला ऐकून घेतला. शेवटी गावकर म्हणाले, "झाला ता झाला. माणसा वाचली ना? आता घरी जावा."

झालं ते झालं! सुनेवर संशय होता तोवर गाव गोळा होत होता, कौल लागत होता, ट्रंका भरल्या जात होत्या. घरधन्याच्या हातून झालं म्हटल्यावर ते आपोआप झालेलं ठरलं. मी भांडायला तोंड उघडलं, तर वहिनीने माझा दंड धरला. म्हणाली, "चला घरी, वन्सं. हितलं तुमचं झालं. आता माझं."

घरी येऊन ती मागच्या पडवीत बसली. ट्रंक उचलली नाही, उघडलीही नाही. आई आणि काकू अजून अशक्त होत्या, चूल थंड. मी स्वयंपाकघराकडे वळले तशी ती म्हणाली, "तुम्ही बी पेटवायची न्हाई." तशीही मी काय कामाची होते? त्या थेंबामुळे जवळचं काही मला नीट दिसत नव्हतं, पातेलं कुठे आणि हात कुठे. आईने तिला एकदा हाक मारली. ती म्हणाली, "आत्याबाई, तुम्हाला नि चुलतसासूबाईंना पेज करून देते, हितंच देते. पर ज्यांनी माझ्या हातावर करणीचा आळ घेतला, त्यांनी ह्या हातचं मागितल्याबिगर मी वाढायची न्हाई." तिने पडवीत तीन दगड मांडून पेज केली. आम्हा तिघींना दिली, स्वतः खाल्ली.

काका दिवसभर पुढच्या ओटीवर होते. दुपारी त्यांनी केळी खाल्ली. संध्याकाळी काकूला हाक मारून विचारलं, जेवणाचं काय? काकू आतून म्हणाली, "सूनबाईस विचारा." चाळीस वर्षांच्या संसारात तिने त्यांना दिलेलं ते पहिलं उलट उत्तर असावं.

दिवेलागणीला काका मागच्या पडवीत आले. त्या पडवीत पुरुष फिरकत नसत. खांबाला हात टेकून उभे राहिले. म्हणाले, "वाढ."

वहिनी खाली बघून तांदूळ निवडत होती. म्हणाली, "कुणाला म्हणताय, मामंजी?"

तिने आणखी दोन खडे वेचून बाजूला टाकले. दम लागलेल्या माणसाचा श्वास ऐकू येत होता. मला तो वेळ संपायला नको होता.

"तुला, सूनबाई. मला जेवायला वाढ. चूक माझी झाली."

ती उठली. हात धुतले, चूल पेटवली, भात केला, कुळथाचं पिठलं केलं. पान मांडून वाढलं आणि बाजूला उभी राहिली. काकांनी घास उचलला, थांबले, वर तिच्याकडे पाहिलं. ती हलली नाही. त्यांनी घास तोंडात घातला. मग ते मुकाट्याने जेवले. पानातला भात संपला तेव्हा वहिनी तिथेच होती, भाताचं पातेलं तिच्या हातात होतं, पण तिने आपणहून वाढलं नाही. दुसऱ्यांदाही त्यांना तो मागावा लागला.